हिमस्तराचा अभ्यासक : आल्फ्रेड वेगेनर

जगाचा नकाशा उघडून उत्तरेच्या टोकाकडे दृष्टी वळविली, तर ग्रीनलंड नावाचे एक विशाल बेट नजरेस पडते. या नावाचा अर्थ हिरवी भूमी असा आहे. परंतु किनाऱ्यालगतच्या काही पट्ट्या सोडल्या, तर हे बेट बारा महिने बर्फाने आच्छादिलेले असते. हा बर्फ म्हणजे हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात विरघळून जाणारा बर्फ नव्हे. हजारो वर्षे तेथे हिम पडत राहिले, थरावर थर साचत गेले, खालचे थर वरच्या थरांच्या भाराने दाबले जाऊन दगडासारखे कठीण झाले, आणि अशा रीतीने सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर विस्ताराचा एक अखंड हिमस्तर तेथे तयार झाला. आपल्या महाराष्ट्राएवढी पाच राज्ये त्याच्याखाली सहज झाकली जातील.

हा हिमस्तर किती जाड आहे, तो वाढतो आहे की घटतो आहे, हे प्रश्न आज समुद्रकाठी राहणाऱ्या सर्वच लोकांच्या जिव्हाळ्याचे झाले आहेत. शंभर वर्षांपूर्वी मात्र त्यांची उत्तरे कोणालाच ठाऊक नव्हती. ती शोधण्यासाठी ज्या मोजक्या माणसांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

वेगेनरचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन शहरी झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील धर्मोपदेशक होते आणि प्राचीन भाषांचे अध्यापन करीत. घरात ग्रंथांचे आणि भाषांचे वातावरण असले, तरी आल्फ्रेड व त्याचा थोरला भाऊ कुर्ट या दोघांचा ओढा निसर्गाकडे होता. आल्फ्रेडने खगोलशास्त्राचे अध्ययन करून १९०५ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. परंतु दूरच्या ताऱ्यांपेक्षा आपल्या भोवतालचे वातावरण त्याला अधिक मोहवू लागले. लिंडेनबर्ग येथील वेधशाळेत दोघे बंधू काम करू लागले. त्या काळी आकाशातील वाऱ्यांची व तापमानाची माहिती मिळविण्यासाठी पतंगांना आणि बलूनांना उपकरणे बांधून ती उंच सोडीत असत. केवळ उपकरणे वर पाठवून या भावांचे समाधान झाले नाही. १९०६ सालच्या एप्रिल महिन्यात ते स्वतःच बलूनमध्ये बसले आणि ५२ तासांहून अधिक काळ अंतराळात राहून त्यांनी त्या वेळचा विक्रम मोडला.

त्याच वर्षी वेगेनरच्या मनातील एक जुनी आकांक्षा पूर्ण झाली. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याचे संशोधन करण्यासाठी निघालेल्या एका डॅनिश तुकडीत त्याला स्थान मिळाले. तेथे त्याने हवामानाचे निरीक्षण करण्याचे ठाणे उभारले आणि ध्रुवप्रदेशाच्या गोठलेल्या आकाशात पतंग व बलून चढविले. ज्या प्रदेशात हिवाळ्यातील कित्येक आठवडे सूर्याचे दर्शनही होत नाही, तेथे बोटे बधिर झालेली असताना दररोज ठरल्या वेळी उपकरणांवरील आकडे टिपून ठेवणे हे काम सोपे नव्हते. या मोहिमेचा नायक मिलिउस-एरिक्सन व त्याचे दोन सोबती १९०७ साली उपासमारीने आणि थंडीने मृत्युमुखी पडले. हिमप्रदेश माणसाकडून कोणती किंमत वसूल करतो, हे वेगेनरने अशा रीतीने पहिल्याच प्रवासात पाहिले. तरीही त्याचे मन तेथून परावृत्त झाले नाही.

मायदेशी परतल्यावर तो मारबुर्ग येथील विद्यापीठात व्याख्याने देऊ लागला. तेथे असताना जगाच्या नकाशातील एका गोष्टीने त्याला विचारात पाडले. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत जणू चपखल बसतात. एखादा कागद फाडून दोन तुकडे दूर सरकवावेत, तसे ते दिसतात. ही गोष्ट पूर्वीही काहींच्या ध्यानात आली होती. वेगेनरने मात्र तिचा पाठपुरावा केला. समुद्राच्या दोन्ही तीरांवर सारखेच खडक, सारख्याच प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष सापडतात, हे त्याने जुन्या ग्रंथांतून शोधून काढले. त्यावरून सारे भूखंड एके काळी जोडलेले होते आणि पुढे ते हळूहळू एकमेकांपासून दूर सरकले, असा सिद्धांत त्याने ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे विद्वानांपुढे मांडला.

या सिद्धांताच्या पुराव्यांत बर्फाचाही पुरावा होता, आणि त्याचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. हिमनदी पुढे सरकताना आपल्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खालच्या खडकावर ओरखडे काढते. असे ओरखडे आणि हिमनदीने वाहून आणलेले गोटे भारतात अनेक ठिकाणी आढळतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या खोऱ्यात इरई गावाजवळही असा ओरखडलेला खडक आहे. जेथे उन्हाळ्यात अंगाची लाही होते, तेथे बर्फ कसा आला असेल? वेगेनरचे उत्तर असे होते, की सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया हे भूखंड दक्षिण ध्रुवाच्या आसपास एकत्र होते. त्या वेळच्या हिमस्तराच्या या खुणा होत. आज हे उत्तर सर्वमान्य आहे. त्या काळी मात्र ते बहुतेकांना पटले नाही.

त्याच वर्षी वेगेनर पुन्हा ग्रीनलंडला गेला. कोख नावाच्या डॅनिश अधिकाऱ्यासह चार जणांनी हिमस्तरावरच हिवाळा काढावयाचा आणि उन्हाळा येताच पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत तो ओलांडावयाचा, असा बेत होता. सामान वाहण्यासाठी त्यांनी आइसलंडमधील काटक तट्टे घेतली होती. हिवाळ्यात त्यांनी हाताने फिरविण्याच्या गिरमिटाने बर्फात २० मीटरांहून अधिक खोल छिद्र पाडले आणि निरनिराळ्या खोलीवरील तापमान मोजले. कोख बर्फाच्या भेगेत पडून त्याचा पाय मोडला. त्यामुळे काही महिने सर्वांना थांबावे लागले. १९१३ च्या उन्हाळ्यात ते निघाले, तेव्हा हिमवादळांनी त्यांची वाट रोखून धरली. तट्टे एकामागून एक गळून पडली. पश्चिम किनारा दृष्टिपथात आला असताना अन्न संपले, आणि जिवापाड सांभाळलेल्या कुत्र्यावर उदरनिर्वाह करण्याचा दारुण प्रसंग त्यांच्यावर ओढवला. अखेर नावेतून जाणाऱ्या एका धर्मोपदेशकाच्या दृष्टीस ते पडले आणि त्यांचे प्राण वाचले.

परत आल्यावर वेगेनरचा विवाह एल्स कोपेन हिच्याशी झाला. तिचे वडील व्लादिमीर कोपेन हे जगाच्या हवामानाचे विभाग पाडणारे ख्यातनाम शास्त्रज्ञ होते. पुढे या दाम्पत्यास तीन मुली झाल्या. १९१४ साली महायुद्ध भडकले आणि वेगेनरला रणांगणावर जावे लागले. तेथे तो दोनदा जखमी झाला. जखमा भरून येईपर्यंत मिळालेल्या रजेत त्याने आपल्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिण्यास प्रारंभ केला, आणि १९१५ साली तो प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे स्वागत टीकेनेच झाले. हवामानाच्या अभ्यासकाने भूशास्त्रात लुडबूड करू नये, असे अनेक पंडितांचे मत पडले. त्यांच्या एका आक्षेपात मात्र तथ्य होते. एवढे अवजड भूखंड कोणत्या शक्तीने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर वेगेनरपाशी नव्हते. भूखंडांच्या गतीचा त्याने केलेला अंदाजही वाजवीपेक्षा फार मोठा होता. आज आपणांस ठाऊक आहे, की भूखंड वर्षाला अवघे काही सेंटिमीटर सरकतात. म्हणजे जवळजवळ आपली नखे वाढतात तेवढ्याच वेगाने. वेगेनर टीकेने चिडला नाही, की हताशही झाला नाही. नवे पुरावे मिळतील तसतसा तो ग्रंथात भर घालीत राहिला. १९२४ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे त्याला प्राध्यापकाचे पद मिळाले. त्याच वर्षी त्याने सासऱ्यांच्या सहकार्याने पृथ्वीच्या प्राचीन हवामानावर आणखी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आता वयाची पन्नाशी जवळ आली होती. घर, संसार व मानाचे पद सारे लाभले होते. परंतु ग्रीनलंडने विचारलेला प्रश्न अद्याप अनुत्तरितच होता. तो हिमस्तर किती जाड आहे?

तीन-तीन किलोमीटर बर्फ खणून तळ गाठणे कोणाला शक्य होते? यासाठी शास्त्रज्ञांनी एक नवी युक्ती योजिली होती. डोंगरापुढे उभे राहून हाक मारली, की थोड्या वेळाने तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. डोंगर जितका दूर, तितका प्रतिध्वनीला उशीर. बर्फाच्या पृष्ठभागावर सुरुंग उडविला, की त्याचा हादरा खाली जातो, तळाच्या खडकावर आदळतो आणि परत वर येतो. भूकंपमापक यंत्राने तो टिपून घ्यावयाचा आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून जाडी काढावयाची. १९२९ साली वेगेनरने तीन सहकाऱ्यांसह ग्रीनलंडला जाऊन ही पद्धत प्रत्यक्ष बर्फावर वापरून पाहिली. ती यशस्वी ठरताच त्याने मोठ्या मोहिमेची आखणी केली. पश्चिम किनाऱ्याजवळ एक, पूर्व किनाऱ्यावर एक आणि या दोहोंच्या मध्ये, किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, सुमारे ३,००० मीटर उंचीवर एक, अशी तीन ठाणी उभारून तेथे वर्षभर निरीक्षणे घ्यावयाची होती. मधल्या ठाण्याचे नाव आइसमिटे, म्हणजे हिमाचा मध्य, असे ठेवण्यात आले.

१९३० च्या मे महिन्यात तुकडी पश्चिम किनाऱ्याजवळ पोचली. परंतु समुद्रावरील बर्फ फुटेना. पाच आठवड्यांहून अधिक काळ वाया गेला. त्यानंतर सुमारे १०० टन सामान हिमनदीच्या उभ्या चढावरून वर न्यावयाचे होते. त्यात उन्हाळा सरला. ३० जुलै रोजी गेऑर्गी या शास्त्रज्ञाने आइसमिटे येथे तळ ठोकला व पुढे झोर्गे हा त्याला येऊन मिळाला. परंतु हिवाळ्यासाठी लागणारे सारे अन्न व इंधन तेथे पोचले नव्हते. ते नेण्यासाठी आणलेल्या, पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या यांत्रिक घसरगाड्या ताज्या बर्फात रुतून बसल्या. बिनतारी संदेशाचे यंत्रही आइसमिटेला गेलेले नव्हते. २० ऑक्टोबरपर्यंत सामान आले नाही, तर आम्ही पायी परत निघू, असा निरोप तेथील दोघांनी धाडला होता. त्या ऋतूत पायी निघणे म्हणजे मृत्यूला सामोरे जाणेच होते.

वेगेनरपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. ऋतू प्रवासाचा राहिला नव्हता. परंतु आपल्या शब्दावर विसंबून दोन माणसे बर्फाच्या मध्यावर बसली होती. दुसऱ्या कोणाला पाठविण्याऐवजी त्याने स्वतः जाण्याचे ठरविले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लोवे हा शास्त्रज्ञ आणि ग्रीनलंडचे तेरा रहिवासी यांना बरोबर घेऊन कुत्र्यांच्या पंधरा घसरगाड्यांसह तो निघाला. थंडी दिवसेंदिवस वाढत गेली. ग्रीनलंडचे लोक समुद्रकाठी शिकार करून राहणारे. आतल्या ओसाड हिमप्रदेशात जाण्याची त्यांची रीत नव्हती, आणि घरी त्यांची मुलेबाळे होती. त्यांतील बहुतेक जण मागे फिरले, यात त्यांचा दोष नव्हता. अखेर रासमुस विलुमसेन नावाचा एकच तरुण बरोबर राहिला. वाटेत बहुतेक सामान टाकून द्यावे लागले. ४० दिवसांच्या प्रवासानंतर, ३० ऑक्टोबर रोजी, उणे ५० अंशांहून कडक थंडीत तिघे आइसमिटेला पोचले. पाहतात तो गेऑर्गी आणि झोर्गे यांनी बर्फातच गुहा खोदून हिवाळा तेथेच काढण्याचा निश्चय केला होता.

त्या भेटीचा आनंद फार काळ टिकण्यासारखा नव्हता. लोवेच्या पायांची बोटे गोठून निकामी झाली होती. पुढे ती साध्या चाकूने व कात्रीने कापून टाकावी लागली. त्याला हलविणे शक्य नव्हते. शिल्लक अन्न फार तर तिघांना पुरले असते. पाच जण राहिले असते, तर पाचांवरही उपासमारीची वेळ आली असती. म्हणून एक दिवस विसावा घेऊन वेगेनर आणि रासमुस दोन घसरगाड्यांसह पश्चिमेकडे परत निघाले. तो दिवस १ नोव्हेंबर १९३० हा होता. वेगेनरला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण झाली होती.

ते दोघे पश्चिमेच्या तळावर कधीच पोचले नाहीत. ही गोष्ट सबंध हिवाळाभर कोणालाही कळली नाही. आइसमिटेच्या लोकांना वाटे, ते सुखरूप पोचले असतील. पश्चिमेच्या लोकांना वाटे, ते आइसमिटेलाच थांबले असतील. वसंत ऋतूत शोध घेण्यास लोक निघाले, तेव्हा १२ मे १९३१ रोजी जवळजवळ अर्ध्या वाटेवर बर्फात उभी रोवलेली वेगेनरची स्की त्यांना दिसली. खाली खोदताच त्याचा देह आढळला. अतिश्रमाने त्याचे हृदय बंद पडले असावे. रासमुसने त्याला आच्छादनात नीट शिवून बर्फात पुरले होते, वर खूण ठेविली होती आणि त्याची रोजनिशी बरोबर घेऊन तो एकटाच पुढे गेला होता. त्या निष्ठावंत तरुणाचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. वेगेनरचे पार्थिव त्याच्या सहकाऱ्यांनी तेथेच राहू दिले. वर्षानुवर्षे पडणाऱ्या हिमाखाली ते आता खोल गेले आहे, आणि हिमस्तराबरोबर अतिशय मंद गतीने सरकते आहे.

नायक गेला, तरी काम थांबले नाही. आइसमिटेच्या गुहेत तिघांनी हिवाळा काढला. बाहेरील तापमान उणे ६४ अंशांपर्यंत उतरले, तरी एकाही दिवसाची नोंद चुकली नाही. झोर्गेने १५ मीटर खोल खड्डा खणून वर्षावर्षाच्या हिमाचे थर अभ्यासले. वेगेनरचा भाऊ कुर्ट याने मोहिमेची सूत्रे हाती घेतली. सुरुंगांच्या साहाय्याने केलेल्या मापनांवरून हिमस्तर मध्यभागी अडीच हजार मीटरांच्याही आसपास जाड असल्याचे दिसून आले. पुढे अधिक सूक्ष्म साधनांनी ही जाडी काही ठिकाणी ३,००० मीटरांहूनही अधिक भरली. भूखंडांचा सिद्धांतही १९६० नंतरच्या दशकात सागरतळाच्या संशोधनाने खरा ठरला. पण ते पाहण्यास वेगेनर हयात नव्हता.

या मापनाचे महत्त्व आज आपल्याला अधिक जाणवते. पेल्यातील पाण्यावर बर्फाचा खडा तरंगत असेल, तर तो वितळल्याने पाण्याची पातळी वाढत नाही. परंतु पेल्याच्या काठावर टेकवून ठेवलेला खडा वितळून आत ओघळला, तर पातळी वाढते. ग्रीनलंडचा बर्फ समुद्रावर तरंगत नाही. तो खडकावर टेकलेला आहे. तो सगळा वितळला, तर जगातील समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरांनी वाढेल. असे होण्यास शतकानुशतके लागतील. तथापि प्रारंभ झाला आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो आणि पृथ्वी तापते. १९९२ ते २०१८ या काळात ग्रीनलंडने सुमारे ३,९०० अब्ज टन बर्फ गमावला, आणि तेवढ्यानेच समुद्र सुमारे ११ मिलिमीटर चढला. इतर हिमनद्यांचे पाणी, अंटार्क्टिकाचा बर्फ आणि तापून प्रसरण पावणारे समुद्राचे पाणी हे सारे धरून १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरांनी वाढली. समुद्र सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. ग्रीनलंडवर वितळलेले पाणी कोकणच्या खाड्यांपर्यंत पोचल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेविली जात आहे, ती याच कारणाने आज अतिशय मोलाची ठरली आहे.

आता कृत्रिम उपग्रह आकाशातून हिमस्तराचे वजन करतात, आणि त्याच्या मध्यावर तळापर्यंत छिद्रे पाडून लाखभर वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे शास्त्रज्ञ बाहेर काढतात. १९८० साली, वेगेनरच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जर्मनीत त्याच्या नावाने ध्रुवप्रदेशाच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली. बर्फ किती घटला हे सांगावयाचे, तर पूर्वी तो किती होता हे कोणीतरी मोजून ठेविलेले असावे लागते. वेगेनर व त्याचे सोबती यांनी तो बर्फ प्रथम मोजला. या कामी त्याने आणि रासमुसने आपले प्राण वेचले. त्यांनी मोजलेल्या हिमस्तराचे रक्षण करण्याचे कार्य मात्र अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते कोणा एका देशाचे नसून सर्वांचे आहे.